आधी शेंडा बघायचा

अण्णा माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, डोक्याकडे बघत. त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याचा हात आपोआप केसांकडे जाई, काही लागलंय की काय म्हणून. मग अण्णांची नजर सावकाश खाली उतरे. कपाळ, मान, खांदे, पोट करत पायाशी येऊन थांबे. तिथं ते जरा वाकून बघत. मग सरळ होत आणि नंबर सांगत.

नंबर पाच होते. एक म्हणजे ठणठणीत. दोन म्हणजे शेंड्याला जरा विरळ. तीन म्हणजे फांद्या वाळायला लागल्यात, पण हातचं गेलेलं नाही. चार म्हणजे देवावर हवाला. पाच म्हणजे सरपण. खरं तर ही झाडांची परीक्षा. पण अण्णांनी ती दिसेल त्याला लावून टाकली होती.

आम्हाला खोली मिळाली ती या परीक्षेत पास होऊनच. यांना बंगळूरला पीण्या भागातल्या एका कारखान्यात लेथवर काम लागलं होतं. अण्णांचं घर जयनगरात. तिथून पीण्या लांब पडतं, दोन बस बदलाव्या लागत. पण घरमालक आपल्या बाजूचे, बेळगावकडचे, मराठी बोलणारे आहेत असं कोणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. मी तेव्हा कोणाशी बोलत नसे. कन्नड येत होतं, मराठी तर घरचंच, पण दोन्ही भाषांत मी गप्पच.

अण्णांनी यांना अंगणात उभं केलं, गोल फिरवलं, पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कान लावला.

"तीन," ते म्हणाले. "सुधारण्यासारखा आहे."

मग माझ्याकडे बघून, "ही दोन. मुळाशी पाणी कमी पडतंय."

हे माझ्या कानाशी म्हणाले, "चल, दुसरीकडे बघू."

पण तोवर अण्णांची बायको किल्ली घेऊन बाहेर आली होती. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. "घाबरू नका हो," अक्का म्हणाल्या. "मला बघायला आले तेव्हा मला चार दिला होता ह्यांनी. अजून आहे की मी!"

"मी चुकलो होतो," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "उजेड कमी होता."

अण्णा झाडांच्या खात्यातून निवृत्त झाले होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी राजस्थानच्या वाळवंटात काढली होती. हे सगळं त्यांनी मला पाट्यावर चटणी वाटताना सांगितलं. म्हणजे मी वाटत होते, ते सांगत होते. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागे, आणि अण्णांना पहिल्यापासून सांगायला फार आवडे. शिवाय मी मध्ये बोलत नसे.

तिकडे उन्हाळ्यात असा वारा सुटतो की वाळूच्या टेकड्या जागा बदलतात. शेत गाडलं जातं, कालवा भरून जातो, सकाळी घराचं दार उघडत नाही. म्हणून वाऱ्याच्या वाटेत आडव्या झाडांच्या रांगा लावतात. बाहेरच्या अंगाला झुडपं, मग बुटकी झाडं, मध्ये उंच. वारा येतो, झुडपांवरून चढतो, उंच झाडांवरून उडी मारतो आणि पार लांब जाऊन पडतो. तो हवेत असतो तेवढ्या जागेत माणसं राहतात.

"आमच्या सगळ्या खात्याचं काम एवढंच," अण्णा म्हणत. "माणसाच्या भाकरीत वाळू येऊ नये."

पण झाडं लावून भागत नाही. ती म्हातारी होतात, आजारी पडतात, त्यांना कीड लागते. रांगेतली चार झाडं मेली की फट पडते, आणि वारा त्या फटीतून दुप्पट जोरानं घुसतो. म्हणून रांगेच्या कडेनं चालत जायचं आणि एकेका झाडाची तब्येत बघायची. आधी शेंडा बघायचा, कारण तहानलेलं झाड वरून वाळत खाली येतं. मग बुंध्यावर टकटक करून ऐकायचं, आतून पोकळ वाजतं का. मग अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी दिसलं तर गेलं. आणि शेवटी खडूनं बुंध्यावर नंबर लिहायचा.

आयुष्यभर हे केलेला माणूस बंगळूरला येऊन बसला. इथला वारा म्हणजे वाळत टाकलेला रुमालसुद्धा उडत नाही. खिशातला खडू मात्र तसाच राहिला, आणि नखही.

त्या नखापायी अक्का त्यांना बाजारात एकटं सोडत नसत. जयनगरच्या बाजारात एक भाजीवाली अण्णांना लांबून बघितलं की शेवग्याच्या शेंगांवर गोणपाट टाकायची. अण्णा प्रत्येक शेंग खरवडून बघत. "बेडांद्रे बिडि सार, केरबेडी!" ती ओरडायची. नको तर सोडा, पण खरवडू नका. अण्णा तिला शांतपणे म्हणायचे, "हिच्यात जीव आहे, बाई." ती म्हणायची, "जीव मलाही आहे, तो जाईल आता." एकदा अण्णा तिच्या डोक्याकडे बघायला लागले तेव्हा तिनं सरळ वजनाचं माप उचललं.

खडूचंही तसंच. अक्कांच्या मिक्सरवर चार लिहिलेला होता. न्हाणीघराच्या बंबावर दोन. पोस्टमनच्या सायकलवर एकदा पाच लिहिला. तो बिचारा पुढच्या चौकात पडला, आणि आल्या पावली परत येऊन अण्णांना म्हणाला, "अण्णा, तुम्ही लिहू नका हो, लिहिलं की होतं." त्यानंतर तो गल्लीच्या तोंडाशीच सायकल लावून चालत यायचा.

माझी मुलगी झाली तेव्हा बारसं अक्कांनी आपल्याच अंगणात केलं. माझ्या माहेरची माणसं आली, यांच्याकडची आली, गल्लीतल्या बायका आल्या. फोटो काढायला स्टुडिओतला एक मुलगा बोलावला होता. तो म्हणाला, सगळे उभे राहा. झालं. अण्णा खुर्चीवरून उठले.

"असं नाही. वारा कुठून येतो?"

"वारा नाहीये सार," तो मुलगा म्हणाला.

"आत्ता नाहीये. आला तर?"

अण्णांनी सगळ्यांना फोटोवाल्याकडे तोंड करून उभं केलं. वारा फोटोवाल्याकडून येणार असं ठरलं. बुटकी माणसं पुढे, मध्यम त्यामागे, उंच मध्ये. आमच्या मोठ्या जाऊबाई बुटक्या. त्या पुढे आल्या आणि त्यांना ते लागलं. माझा भाऊ उंच, त्याला मध्ये खुंटासारखा रोवला. मध्येच माझी आत्या हात धुवायला गेली.

"फट!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की दोन पोरं रडायला लागली. "फट पडली! फट बुजवा!"

आत्या ओल्या हातानं धावत आली. कोणीतरी विचारलं, बाळाला कुठं घ्यायचं. "बाळ?" अण्णा म्हणाले. "बाळ मागे. सगळ्यांच्या मागे. ज्याच्यासाठी रांग लावायची ते मागे असतं."

तो फोटो माझ्याकडे आहे. बारशाचा फोटो आहे आणि त्यात बाळ नाही. बाळाची आईही नाही. मी मागे मुलीला घेऊन उभी होते आणि मला फक्त माझ्या भावाची पाठ दिसत होती. हे खूप चिडले होते. पण खरं सांगायचं तर इतक्या लोकांपुढे उभं राहून फोटो काढायचा या विचारानंच मला सकाळपासून घाम फुटला होता. तिथं मागे मला फार बरं वाटलं.

आता अण्णांच्या रांगेची गोष्ट.

अण्णांनी तरुणपणी वाळवंटातल्या एका गावाबाहेर स्वतः एक रांग लावली होती. मधल्या उंच ओळी त्यांनी शमीच्या लावल्या. शमी म्हणजे इथली बन्नी, कर्नाटकात दसऱ्याला आपट्याऐवजी जिची पानं सोनं म्हणून देतात ती. शमी फार हळू वाढते. तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. अण्णांना ते फार मानाचं वाटे. "लावणारा वेडा असल्याशिवाय शमी लागत नाही," ते म्हणत. तिथलंच बी आणून त्यांनी इथं अंगणाच्या कोपऱ्यात एक झाड लावलं होतं. काटेच काटे. अक्कांच्या किती साड्यांचे धागे त्या झाडानं ओढले असतील. "माणसं परगावाहून खेळणी आणतात, साड्या आणतात," अक्का म्हणायच्या. "ह्यांनी मला वाळवंट आणलं."

एक दिवस अण्णा त्यांच्या खात्याच्या इथल्या ऑफिसातून आले ते जेवलेच नाहीत. चहाच्या वेळी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि एक मोठा फोटो जमिनीवर पसरला. आकाशातून काढलेला. मला त्यात नुसते डाग दिसले.

"लाल आहे ते काय आहे?" मी विचारलं.

"जिवंत झाडं. ह्या फोटोत जिवंत पान लाल दाखवतात."

"आणि तुमची रांग?"

त्यांनी बोट ठेवलं. तिथं राखेची रेघ ओढल्यासारखं होतं.

ऑफिसात नागपूरचा एक तरुण साहेब नवीन आला होता. त्याचं काम असे फोटो बघून झाडांची तब्येत सांगायचं. त्यानं लिहून दिलं होतं की ही रांग मेली आहे. हिवाळा संपला की ती सगळी तोडायची आणि परदेशी बाभूळ लावायची, भराभर वाढणारी. अण्णांना त्यानं निव्वळ आदरानं बोलावून हे सांगितलं होतं.

"मेलेली नाही ती," अण्णा म्हणाले. "थंडीत तिथले लोक शमीचा पाला उतरवतात. शेळ्यांना, उंटांना घालायला. पार बोडकी करतात. फोटो त्याच दिवसांतला आहे."

"मग त्यांना सांगा की."

"सांगितलं. तो म्हणतो, सर, पाला काढलेला असो नाहीतर झाड मेलेलं असो, वरून दोन्ही सारखंच दिसतं."

"मग जाऊन बघायचं."

"तेच म्हटलं मी. मला पाठवा, मी एकेक झाड खरवडून येतो. तर म्हणाला, सर, तुम्ही रिटायर्ड आहात." अण्णा फोटो गुंडाळायला लागले. "आणि पाठीमागे गाव आहे गं. नवीन बाभूळ डोक्याएवढी होईस्तोवर त्या गावानं काय करायचं?"

अण्णांनी कोणाला नंबर दिला नाही असा तो मी पाहिलेला पहिला दिवस.

मग त्यांनी साहेबाला घरी चहाला बोलावलं. साहेब खरंच चांगला होता. सडपातळ, चष्मा, बूट दाराबाहेर काढले, अक्कांना वाकून नमस्कार केला. अण्णांनी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला पंखा ठेवला होता. मध्ये बटाट्याच्या फोडींत कोथिंबिरीच्या काड्या खोचून रांगा केल्या होत्या. पलीकडे माझ्या मुलीच्या भातुकलीतलं घर. आणि पंख्यापुढे एक किलो बारीक रवा. तो माझ्या डब्यातला होता.

"ही रांग आहे तोपर्यंत बघा," अण्णा म्हणाले आणि पंखा एकवर लावला. रवा कोथिंबिरीपाशी साचला. घराला काही झालं नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता रांग तोडली," म्हणत अण्णांनी बटाटे उचलले. पण पंखा बंद करायच्या ऐवजी त्यांच्या हातून बटण तीनवर गेलं.

रवा कुठं गेला नाही ते सांगणं सोपं. साहेबांच्या चष्म्यावर, कानात, चहात. अक्कांनी देव्हाऱ्यापुढे लावलेला दिवा विझला. साहेब जागचे हलले नाहीत. पांढऱ्या झालेल्या भुवयांनिशी चहाचा एक घोट घेतला, दातांखाली कचकच झालं, तरी गिळला.

"बघा!" अण्णा आनंदानं ओरडले. "भाकरीत वाळू!"

"सर, वाऱ्याचं पटलं," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "ते मला आधीपासून पटलंय. पण झाडं मेलेलीच असतील तर रांग ठेवून काय उपयोग? प्रश्न तो आहे. आणि इमेज एकदम क्लिअर आहे."

साहेब गेल्यावर अण्णा बटाट्यांतल्या काड्या उपसायला लागले. मग म्हणाले, "त्यानं झाड कायम वरून बघितलंय. शमीपुढे तो कधी उभाच राहिला नाही." आणि त्यांनी ठरवलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबाला जेवायला बोलवायचं आणि आपली अंगणातली शमी दाखवायची. पावसानं ती तेव्हा हिरवीगार असते. एक नंबर म्हणजे काय ते त्याला कळेल, जिवंत शमी काय चीज आहे ते दिसेल, आणि मग कदाचित तो म्हणेल, बरं, जाऊन या.

आता अडचण अशी की दसऱ्याला सगळी गल्ली बन्नीची पानं न्यायला त्याच झाडाकडे येई. अण्णांनी आठवडाभर आधी घरोघरी जाऊन सांगितलं, या वर्षी बन्नी मिळणार नाही, स्वल्प सांभाळून घ्या. सगळे म्हणाले, सरी अण्णा, सरी. म्हणजे बरं, बरं. दसऱ्याला दुपारपासून अण्णा झाडाखाली खुर्ची टाकून, हातात छत्री घेऊन पहाऱ्याला बसले.

पहिल्यांदा आल्या समोरच्या घरातल्या अज्जी. त्यांना नीट दिसत नसे. त्यांनी काही मागितलं नाही, नुसता तळहात पुढे केला. सणाच्या दिवशी म्हाताऱ्या बाईच्या रिकाम्या हाताला काय सांगणार? अण्णांनी एक डहाळी तोडून दिली. अज्जींच्या मागे त्यांची नातवंडं होती. त्यांना एकेक. नातवंडांच्या मागे शेजारी होते. "एवढंच हं," अण्णा प्रत्येकाला बजावत होते.

मग कोपऱ्यावरच्या दुकानदारानं स्वतःच हात घालून फांदी खसकन ओढली आणि साल निघाली.

"असं ओढतात होय!" अण्णा उडालेच. "झाड आहे का दोरी? सोडा. मी दाखवतो कसं कापायचं."

आतून कात्री आली, स्टूल आलं. अण्णा वर चढले. कुठं कापायचं, किती तिरपं कापायचं, फुटव्याचा डोळा कसा राखायचा, वाळवंटातल्या बायका हे काम गाणी म्हणत कसं करतात, हे सगळं कन्नडमध्ये एकदा आणि मराठीत एकदा. गल्लीनं खाली पदर पसरले. पाठीमागून पलीकडची गल्लीही आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. इतके खुशीत मी अण्णांना कधी बघितलं नव्हतं. दिवे लागेपर्यंत सगळे एकमेकांना बन्नी देत, सोन्यासारखे राहूया म्हणत घरोघर गेले.

अक्का आरती घेऊन बाहेर आल्या. त्यांनी झाडाकडे शेंड्यापासून बुंध्यापर्यंत बघितलं. एक पान नव्हतं. झाड कसलं, उलटा धरलेला खराटा.

"काय हो," अक्का म्हणाल्या, "उद्या साहेब येणारेत ना? काय दाखवणार त्यांना?"

अण्णा स्टुलावर होते, कात्री हातात. मग त्यांनी कात्री खिशात ठेवायचा प्रयत्न केला आणि खिसा फाटला.

सकाळी मी पाणी भरायला बाहेर आले तर अण्णा झाडाला दोऱ्यानं काहीतरी बांधत होते. जवळ जाऊन बघितलं तर कढीपत्ता. निम्मं झाड कढीपत्त्यानं सजलं होतं.

"अय्यो!" अक्का मागून आल्या. "माझं कढीपत्त्याचं झाड ओरबाडलंत! आणि त्या पोराला काय दिसत नाही होय? फोडणीचा वास येतोय झाडाला!"

अण्णांनी शेंड्याकडे बघितलं. आणि मग ते स्वतःच दोरे सोडायला लागले. "खोटा शेंडा," ते पुटपुटले. "बरोबर नाही ते. मी कोणाला खोटा नंबर दिला नाही कधी." मी दोरे सोडवायला मदत केली. काटे टोचून आमच्या दोघांची बोटं लाल झाली.

साहेब मिठाईचा डबा घेऊन आले. जेवण व्हायला वेळ होता, म्हणून अंगणात फिरायला लागले. अण्णांना बरं वाटावं म्हणून त्यांच्याच रीतीनं झाडं बघायला लागले. आंब्यापाशी मान वर करून म्हणाले, "आधी शेंडा. एक ना, सर?" अण्णांनी मान हलवली. नारळापाशी म्हणाले, "दोन." अण्णांनी मान हलवली. असं करत करत ते कोपऱ्याकडे निघाले. अण्णांचे पाय जागच्या जागी थांबले. मी खिडकीआड होते, भात शिजत होता, तरी मला गॅसजवळ जाववेना.

साहेब त्या झाडापुढे उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं. बुंध्यावर टकटक केलं.

"सर, वाईट वाटून घेऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. "हे गेलं. एक पान नाही. पाच." आणि जमिनीवर पडलेला खडूचा तुकडा उचलून त्यांनी बुंध्यावर पाच लिहिला. "काढून टाका. दुसरं लावू. मी चांगलं रोप आणून देतो."

अण्णांनी तोंड उघडलं. पण आवाज आला तो अक्कांचा. पळी हातात घेऊन त्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर आल्या. ज्या झाडाला त्या रोज शिव्या घालत, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय गेलं म्हणता? काल दसरा होता, साहेब! शमी आहे ही, काल दुपारी हिरवंगार होतं हे झाड. सगळ्या गल्लीला सोनं वाटलंय ह्यानं. कोणी काढून नेलं म्हणजे मेलं होय? मग मी सणाला सगळं वाढून मोकळी होते, तेव्हा मी पण मेलेच म्हणा की!"

साहेबांनी झाडाकडे बघितलं, मग अक्कांकडे, मग परत झाडाकडे. मग अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडली. खालून हिरवं निघालं. ओलं, चकाकणारं. ते बोट तसंच वर धरून ते उभे राहिले, शाळेत पोरं शाई सांडल्यावर उभी राहतात तसे.

"सर," ते शेवटी म्हणाले, "त्या गावातले लोक पाला उतरवतात म्हणालात ना तुम्ही?"

"म्हणालो."

"असाच?"

"असाच. माझ्यापेक्षा सफाईनं."

साहेबांनी रुमाल काढून बुंध्यावरचा पाच पुसला. रुमाल काट्यात अडकला आणि तिथंच राहिला. जेवताना ते मध्येच म्हणाले, "माझ्या सहीनं तोडणार होते." अण्णांनी त्यांच्या पानात आणखी एक होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली.

दिवाळीच्या आत दोघं वाळवंटात गेले. अक्कांनी डबे दिले, मफलर दिला, आणि खडूची अख्खी पेटी दिली. परत आले ते काळे पडून. अण्णांचं नाक सोललं होतं. अंगणात खुर्चीवर बसायच्या आत अक्कांनी विचारलं, "काय झालं? जिवंत आहे का?"

"निम्मी," अण्णा म्हणाले.

अक्कांनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"निम्मी गेली. खरंच गेली. मीच पाच लिहिले त्यांच्यावर, एकेकावर. नीट लिहिले." ते पाणी प्याले. "निम्मी आहेत. रांग तोडायची नाही, फटी तेवढ्या बुजवायच्या, असं साहेबानं तिथंच लिहून टाकलं."

"मग तोंड असं का?"

"तोंड सोललंय ते. मी खुशीत आहे." आणि ते एकदम हसायला लागले. हसता हसता खोकायला लागले. "अगं, आम्हाला हाकललं तिथून! मी एका शमीची साल खरवडत होतो, तर मागून एक बाई काठी घेऊन धावत आली. शेळ्यांमागची काठी, ही एवढी. कोण रे तुम्ही, झाडं तोडायला आलात? साहेब माझ्या आधी जीपमध्ये! मला पाठीत एक बसली."

"अय्यो! लागलं का?"

"लागलं की! ती ओरडत होती, ही झाडं एका वेड्या साहेबानं लावलीत, माझ्या सासऱ्याला सांगून गेलाय तो, त्याला विचारल्याशिवाय कोणी नख लावायचं नाही. मी म्हटलं, बाई, पाला तर तुम्ही उतरवता. ती म्हणाली, तो आमच्या शेळ्यांचा, तुझ्या बापाचा नाही." अण्णांनी पाठ चोळली. "काय बाई होती! एक नंबर."

अक्का त्यांची पाठ बघायला मागे गेल्या. "आणि तुम्ही तिला सांगितलं नाही, तो वेडा साहेब मीच म्हणून?"

"नाही."

"का हो? एवढ्या वर्षांनी गेलात. घरात नेलं असतं, पाया पडली असती, चहा केला असता."

"म्हणून तर नाही सांगितलं," अण्णा म्हणाले. "चहा करायला तिला काठी खाली ठेवावी लागली असती."